तुकडा, खंड की टोक?

सुरंगी: फोंड्यात विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक करतेय. 'अँटिबॉडी'ला, म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या रेणूला धरणाऱ्या प्रथिनाला, प्रतिपिंड लिहिलं, 'फ्रॅगमेंट'पाशी अडले. 'तुकडी' म्हटलं तर भाऊ विचारतो, इसवणाची (सुरमईची) की आठवी ब? 'खंड' म्हणावं तर ग्रंथाचा वाटतो.

कुळागर: सुरंगीताई, तुकडी नको, पण 'तुकडा' एके ठिकाणी अगदी खरा आहे. 1959 मध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडांना पपेन लावलं. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम); मटण शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तेच. प्रतिपिंडाचे तीन तुकडे झाले: प्रतिजनाला, म्हणजे त्या परक्या रेणूला, धरणारे दोन 'फॅब' आणि एक देठ. हे कापलेलं. हल्ली मात्र पुष्कळदा कापतच नाहीत, हवा तेवढ्याच भागाचं जनुक जिवाणूत घालून तो करवून घेतात. 'एससीएफव्ही' नावाच्या प्रकारात तर प्रतिपिंडातल्या जड आणि हलक्या अशा दोन साखळ्यांची टोकं दुव्याने सांधलेली असतात. त्याला तुकडा कसं म्हणणार? सगळ्यांना मिळून 'खंड' चालेल.

सुरंगी: आणि नॅनोबॉडी? 'नॅनोपिंड' केलं असतं, पण आई म्हणाली, कावळा शिवेल.

पोदेर: नॅनोबॉडीच ठेवा. हे मुळात एका कंपनीचं व्यापारनाव. अभ्यासक 'व्हीएचएच' लिहितात. उंट-लामांच्या काही प्रतिपिंडांत हलकी साखळी नसतेच, हे ब्रसेल्सच्या संशोधकांनी 1993 मध्ये छापलं. त्यांचं धरणारं टोक एकटंच काम करतं. वजन सुमारे 15 किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप), नेहमीचं अख्खं प्रतिपिंड 150. पावांचं टोपलं घेऊन बोळात शिरता येत नाही, एक उंडो (गोल पाव) घेऊन येतं. जाड ऊतीत आत पोचायला हे बरं. शिवाय खुणेसाठी जोडलेला चमकता रंग लक्ष्याच्या अगदी जवळ राहतो. एका प्रतिपिंडावर रंग लावलेलं दुसरं चढवलं की तो दहा-वीस नॅनोमीटर लांब जातो, आणि सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म चित्रात तेवढंही खटकतं.

सुरंगी: पोदेरबाब, उंडो पत्रकात घेऊ? आणि 'लेबलिंग'ला 'रंजन'?

कुळागर: रंजन म्हणजे 'स्टेनिंग'. इथे नेमका रेणू शोधून त्यावर खूण करायची आहे. शीर्षकात 'चिन्हांकन', मजकुरात 'खूण'. कोकणीतलं 'कुरू' मला जास्त आवडतं, पण मराठी पत्रकात कोणी तरी भांडेल.

सुरंगी: लिहिलं: 'नॅनोबॉडी, म्हणजे उंटाच्या प्रतिपिंडाचं धरणारं टोक. त्याला चमकता रंग जोडून पेशींवर खूण करतात.' उंडोचं चित्र काढतेय. भाऊ अजून इसवणावरच आहे.