‘माघार’, ‘मोड’ आणि ‘हूल’: पटावरच्या लढाईत कुठला शब्द कुठे?

सांगली : पटावर छोट्या सैनिक-बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळाचे नियम मराठीत उतरवताना ‘रिट्रीट’ आणि ‘राउट’ दोन्हींना ‘माघार’च लिहिलं गेलंय. दुसऱ्यासाठी ‘मोड’ म्हटलं तर पोरं विचारतात, कसला मोड, सायलेंट मोड? काय लिहावं?

सातारा : ‘मोड’च, पण क्रियापद करून : ‘तुकडी मोडली’. ‘मोडमध्ये गेली’ लिहिलं की मोबाईल आठवणारच. फौजेचा मोड होतो तो पुल्लिंगी. शंभराची मोड मागतो ती स्त्रीलिंगी. मटकीला येतात ते मोड आणखी वेगळे.

माघार हुकमाने घेतात, मोड होतो. माघारीत तोंड शत्रूकडे आणि जथा शाबूत असतो. मोडात पाठ फिरते आणि हुकूम ऐकायला कोणी उरत नाही. दोन्हींना एकच शब्द ठेवला की खेळणारा मोडलेली तुकडी पुढच्याच डावात सावरून परत आणतो. मग १४ जानेवारी १७६१ चं पानिपत पटावर मांडलं, तर विश्वासराव पडल्यावर झालेली दाणादाण कधी दिसतच नाही. दोन्ही बाजू शेवटच्या बाहुलीपर्यंत लढत बसतात. खऱ्या फौजा त्याच्या कितीतरी आधी मोडायच्या, आणि कापाकापी जास्त व्हायची ती पाठलागात.

कराड : नियमात असं बसवा. १२ बाहुल्यांच्या तुकडीतल्या ३ गेल्या, बगलेवर हल्ला आला, सरदार पडला किंवा १५ सेंमीच्या आतली शेजारची तुकडी मोडली, की धीर तपासायचा, म्हणजे तुकडी टिकते का ते फाशांवर ठरवायचं. फासे दोन, त्यांची बेरीज धरायची. हुजुरातीला (धन्याची खास फौज) ५ किंवा जास्त हवेत, शिलेदारांना (स्वतःचा घोडा घेऊन येणारे स्वार) ७. एक-दोनने हुकलं तर माघार : १० सेंमी मागे, तोंड समोर. तीन किंवा जास्तने हुकलं तर मोड : पाठ फिरवून पूर्ण चाल, वर एका फाशाइतके सेंमी. मोडलेल्यांना गाठलं तर त्यांच्या निम्म्या बाहुल्या उचलायच्या.

शिलेदारांसाठी हिशेब सांगतो. ३६ पैकी २१ वेळा टिकतात, ९ वेळा माघार, ६ वेळा मोड. हुजुरात ३६ पैकी एकदाच मोडते. घसरतं ते शेजारच्या कलमापाशी : एक मोडली म्हणून दुसरी, दुसरीमुळे पुन्हा पहिली, असं करत अख्खी फळी एका डावात साफ होते. म्हणून एका तुकडीची तपासणी डावात एकदाच.

मिरज : आणि हूल? मराठी घोडदळाच्या लढाईत तोच शब्द सगळ्यात मोलाचा, आणि तोच गाळला जातो. पळाल्याचं सोंग करून शत्रूला फळीबाहेर ओढायचं आणि उलटायचं, याला ना माघार म्हणता येतं ना मोड.

कराड : बरोबर, हूल वेगळीच ठेवा. पण फासे पडल्यावर ‘ती हूल होती’ म्हणायची मुभा नको, नाहीतर प्रत्येक पळ हूलच ठरतो. हुकूम देतानाच तुकडीखाली चिठ्ठी पालथी ठेवायची. फक्त हलक्या घोडदळाला, आणि मागे ३० सेंमी मोकळी जागा असेल तरच. पाठलागावर आलेल्याने धीर तपासायचा. हुकला तर फळी सोडून पूर्ण चाल पुढे.

मिरज : जमेल. ‘कोंडी’लाही एक ओळ द्या. आपल्याच जत तालुक्यातल्या उमराणीला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडलं. खान शरण आला तो तहानेने. तिथे मोड-माघारीची तपासणी लावली तर निकाल चुकीचाच येणार. पाण्यापासून तुटलेल्या तुकडीला दर डावाला धीराचा आकडा एकाने चढवा, म्हणजे ७ चे ८, मग ९.

सातारा : ९ ला ३६ पैकी १० वेळाच टिकाव, म्हणजे दोन डावांतच घशाला कोरड पडलेली दिसते. फक्त तिथे निकालाच्या रकान्यात ‘मोड’ लिहू नका. वाट बंद असते, पळणार कुठे? ‘हत्यार ठेवले’ लिहा.