‘फ्ल्यू क्युअर्ड व्हर्जिनिया’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ता : आंध्रातल्या शेतीवरचा मजकूर मराठीत आणतोय. त्यात पदोपदी ‘एफसीव्ही तंबाखू’ येतं, म्हणजे ‘फ्ल्यू क्युअर्ड व्हर्जिनिया’. व्हर्जिनिया अमेरिकेत, पीक गुंटूरला, आणि फ्ल्यूचा इथे काय संबंध?

पुणेकर : हा फ्ल्यू तापाचा नव्हे. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे. हा भट्टीचा धूर वाहून नेणारा नळ. बंद खोलीत काठ्यांना पानं बांधून टांगतात, भट्टीला बाहेरून जळण घालतात आणि पत्र्याचे नळ खोलीत जमिनीलगत फिरवून धूर बाहेर काढतात. पानाला आच लागते, धूर लागत नाही. आधी मंद आचेवर पान पिवळं पडू द्यायचं, मग आच वाढवून तो रंग पक्का करायचा, सगळ्यात शेवटी मधली शीर वाळवायची. पानातली साखर टिकते, त्यामुळे धूर सौम्य होतो आणि छातीत ओढता येतो. सिगारेटवाल्यांना हेच तर हवं होतं. मी ‘भट्टीची तंबाखू’ म्हणेन.

निपाणीकर : भट्टी म्हटलं की आमच्याकडं दारूच आठवतीय बघा! आमची विडीची तंबाखू रानातच उन्हावर वाळती, तिला कुठली भट्टी आन् कुठला नळ? पण व्हर्जिनिया हे गावाचं नाव की जातीचं?

पुणेकर : सुरुवातीला जागेचंच, पण गावाचं नव्हे, अमेरिकेतल्या मुलखाचं. व्हर्जिनियात तिथले मूळचे पोव्हाटन लोक जी तंबाखू लावत ती इंग्रजांना फार जहाल वाटे. 1612च्या सुमारास तिथल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीतल्या जॉन रॉल्फने स्पॅनिश मुलखातलं बी लावलं आणि डबघाईला आलेली वसाहत सावरली. पुढे तिथे तंबाखूच पैसा झाली. अठराव्या शतकात पाद्र्याचा वर्षाचा पगार कायद्याने 16,000 पौंड तंबाखू ठरला होता! मळ्यांवर राबायला आधी करारावरचे गोरे मजूर होते, नंतर आफ्रिकेतून आणलेले गुलाम.

पण पिवळ्या पानाची युक्ती मुळात व्हर्जिनियाची नाहीच. ती शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाची, कॅसवेल काउंटीतली, 1839ची. स्लेड नावाच्या मळेवाल्याच्या पदरी स्टीफन नावाचा गुलाम होता. रात्री राखण करताना त्याचा डोळा लागला, विस्तव विझत आला, म्हणून त्याने घाईने लोणारी कोळसा टाकला. एकदम कोरडी आच लागून पानं लख्ख पिवळी झाली, अशी हकिकत सांगतात. नळ नंतर आले. माल स्लेडच्या नावावर चढ्या भावाने गेला. त्याच राज्यातल्या डरॅममध्ये जेम्स ड्यूकने 1884मध्ये बॉन्सॅकचं सिगारेट वळायचं यंत्र चालवलं, 1890मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी काढून अमेरिकेतला जवळजवळ सगळा सिगारेटधंदा मुठीत घेतला. 1911मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली.

प्रश्नकर्ता : म्हणजे आता ‘व्हर्जिनिया’ ही प्रतच समजायची ना?

पुणेकर : हो, प्रत आणि वाळवायची रीत. कोल्हापुरी चप्पल कोल्हापूरबाहेर शिवली तरी कोल्हापुरीच म्हणतात, तसं. ते नाव बदलू नका.

निपाणीकर : आन् भट्टी नको, ‘नळाच्या आचेवर वाळवलेली’ म्हणा.

प्रश्नकर्ता : पहिल्यांदा तसंच लिहितो. पुढे नुसतं ‘व्हर्जिनिया तंबाखू’.