घराण्याची वंशावळ शोधायची आहे: कागदपत्रं, तीर्थक्षेत्रातल्या वह्या आणि ऑनलाइन साधनं, सल्ला हवा

सांजसावली
नमस्कार मंडळी.

पणजोबांच्या वडिलांपर्यंतची नावं घरात सगळ्यांना पाठ आहेत. त्यामागे मात्र एकदम दंतकथा सुरू होते. 'आपण मूळचे घाटाखालचे, दुष्काळात वर आलो, तेव्हा आडनाव वेगळं होतं.' कुठला दुष्काळ, कुठलं आडनाव, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. गाव देशावरचं, जुन्या मुंबई इलाख्यातलं. थोडी शेती अजून नावावर आहे.

चुलतभावाने एका साइटवर वंशवृक्ष सुरू केला होता. तिथे 'तुमच्याशी जुळणारा वृक्ष सापडला' अशी सूचना आली, त्याने होकाराचं बटण दाबलं आणि आम्ही तडक शिवकाळातल्या एका सरदाराचे वंशज झालो. काका खूश आहेत. मला काही ते पचत नाहीये.

तर सुरुवात कुठून करू? पुण्याच्या पुराभिलेखागारात सरळ जाऊन काही हाती लागतं का? मला मोडी येत नाही. आणि जमवलेली माहिती ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर बरं?

गावकामगार
ताई, पुराभिलेखागार सध्या राहू द्या. शेती आहे म्हणताय ना, मग तुमची निम्मी वंशावळ तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पडून आहे.

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. गावोगाव पोचायला पुढची काही वर्षं गेली, पण त्यानंतर खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदवहीत, यायची. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. तो फेरफार काढा, त्यावरून जुना सातबारा, त्यावरून त्याच्या आधीचा फेरफार, असं मागे मागे जात राहा. 'आपले अभिलेख' या शासनाच्या पोर्टलवर जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत, आधी तिथे तुमचा तालुका शोधा. नाही सापडलं तर तहसीलला नकलेचा अर्ज.

वाचायचं कसं, ते नमुन्यादाखल दाखवतो. समजा १९२० च्या फेरफारात असं लिहिलंय: 'खातेदार रामा बिन विठू हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगा गणू, वय ९, अ.पा.क. आई सखूबाई कोम रामा.' बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक. एवढ्या दीड ओळीत तीन पिढ्या आल्या, गणूच्या आईचं नाव आलं, गणूचा जन्म १९११ च्या आसपासचा हे कळलं आणि रामा १९१८ च्या सुमारास गेला हेही. त्या वर्षी एन्फ्लुएन्झाची साथ होती. एका घरातली दोन-तीन माणसं लागोपाठ मयत दिसली तर ती आठवायची.

ए.कु.मॅ. दिसलं तर मात्र सावध व्हा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. खात्यावर एकट्या थोरल्याचं नाव, बाकीचे भाऊ कागदावर नाहीतच. ते पुढे वाटपाच्या फेरफारात अचानक उगवतात. 'पणजोबा एकुलते एक होते' असं बऱ्याच घरांत छातीठोकपणे सांगतात, त्यातले किती खरेच एकुलते आणि किती नुसते मॅनेजर, देव जाणे.

शिवाय गाव नमुना १४ बघा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ती. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव असेलच असं नाही, पण बापाचं असतं. आणि गावच्या प्राथमिक शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागा.

पैलतीर
+१. आणखी एक. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली आणि सापडलेल्या कुणबी नोंदी बऱ्याच जिल्ह्यांनी आपापल्या संकेतस्थळावर टाकल्या. तालुका-गाववार याद्या आहेत, मोडी पानांचे स्कॅनही. तुमचा त्या विषयाशी संबंध असो नसो, गावाचं पान उघडून बघा. शेजारच्या घराची नोंद सापडली तरी कुठलं रजिस्टर शिल्लक आहे ते कळतं.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत. मोडीवाला शोधण्याआधी उर्दू वाचणारा शोधा. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची सर्व्हे नंबरवार नोंद, हा पहिला चांगला टप्पा.

मोडीवेडा
गावकामगारांनी रस्ता बरोबर दाखवलाय. तो संपला की पुढे काय, ते मी सांगतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. कोट्यवधी कागद, रुमालांत बांधलेले. पण ते आडनावांप्रमाणे लावलेले नाहीत. सरकारी कामकाजातून ते तयार झाले, त्यामुळे खातं आणि प्रांत यांच्या हिशेबाने लागलेत. 'आमच्या घराण्याचं काही आहे का हो' म्हणून गेलात तर तिथला माणूस तरी काय करणार? जाताना गाव, गावाची तरफ, परगणा (हे जुने महसुली विभाग) आणि घराण्याकडे काही वतन किंवा इनाम होतं का, एवढं हातात हवं.

वतन असेल, म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी, जोशीपण, अगदी छोटं देवस्थान इनामही, तर तुमचं नशीब उघडलं. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं, १८५२ चा ११ वा कायदा केला आणि इनामदारांना हक्क सिद्ध करायला लावले. त्यासाठी लोकांनी कैफियती, म्हणजे आपली बाजू मांडणारी लेखी निवेदनं, दिल्या, सोबत वंशावळी जोडल्या. १८५० च्या सुमारास जिवंत असलेल्या माणसाने आपल्या खापरपणजोबापर्यंत नावं सांगितली, ती आज वाचायला मिळतात. फक्त एक लक्षात ठेवायचं, की ही वंशावळ इनाम टिकवण्यासाठी दिलेली आहे. ज्या भाऊबंदाला वाटा द्यायचा नव्हता तो त्यातून सोयीस्करपणे गळालेला असू शकतो. समोरच्या तक्रारदाराची कैफियत सापडली तर ती आधी वाचा, मजा येते.

आणि वतन-इनाम काहीच नसेल, तर स्पष्ट सांगतो: साध्या रयतेचं नाव पेशवाईतल्या कागदात सापडणं हा योगायोग. आशा ठेवा, पण रजा टाकून बसू नका.

जुन्या कागदांतले सन इसवीत आणायचं गणित पाठ करून ठेवा. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतची तारीख असेल तर ७९. फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि तो आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो, एकक आधी. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७४, इसवी १७७३-७४. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून दोन इसवी सनांत पसरतं.

मोडी शिका. अक्षरवळण महिन्याभरात लागतं, खरी डोकेदुखी म्हणजे लपेटीची, म्हणजे अक्षरं एकमेकांत गुंतवत जाणारी लेखणी आणि संक्षेप. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी वर्ग चालतात. तोवर दुसऱ्याकडून वाचून घेणार असाल तर सारांश घेऊ नका. ओळीला ओळ लिप्यंतर मागा. नावात 'शिवजी' आहे की 'सिवाजी', ते तुमचं तुम्हाला बघता आलं पाहिजे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नसतो.

विहीरकाठ
तुम्ही सगळे पुरुषमंडळी शेताच्या बांधावरूनच चाललायत! ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी काय करायचं?

सांजसावली, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. तुमच्या घरातलं कोणीतरी कधीतरी यातल्या एका ठिकाणी गेलेलंच असतं. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या वह्यांत, गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. त्यावर येणाऱ्याने स्वतः बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहिलेलं किंवा लिहवलेलं असतं. कुणाच्या नशिबात पणजोबांची सहीदेखील असते. कुठल्या गावचे यजमान कुठल्या उपाध्यायांकडे, हे ठरलेलं असतं, तेव्हा आधी चौकशी करून जा. फोटो काढू देतील की नाही ते त्यांच्यावर, वही त्यांची आहे.

किती विश्वास ठेवायचा? लिहिणाऱ्याच्या पिढीपुरता आणि त्याच्या बापापुरता पूर्ण. त्यावरची नावं त्याने ऐकीव सांगितलेली, म्हणून दुसऱ्या क्षेत्राच्या वहीशी ताडून बघा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचे स्कॅन आहेत, खातं फुकट उघडता येतं, पण नावाने शोधून सापडेल अशी अपेक्षा नको. पानं चाळावी लागतात.

आणि बायकांची नावं! लग्नात नावच बदलायचं, त्यामुळे आजी दोन वेगळ्या बायका असल्यासारखी दोन घरांच्या कागदांत दिसते. माहेरचं नाव, माहेरचं गाव हे आत्ताच घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्यांना विचारून रेकॉर्ड करा. कागद थांबतील, त्या नाही थांबणार.

झाडपाला
सॉफ्टवेअरचं मी बोलतो, बाकी वरचे दिग्गज आहेतच.

मूळ प्रत स्वतःच्या संगणकावर. ग्रॅम्प्स घ्या, मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, देवनागरीत नावं टाकता येतात. दिसायला रुक्ष आहे, पण प्रत्येक नोंदीला 'हे कुठून कळलं' जोडता येतं, आणि माझ्या मते तेवढं एकच खरं महत्त्वाचं. दत्तक असेल तर जन्माचे आईबाप वेगळे आणि दत्तक घेणारे वेगळे, दोन्ही दाखवता येतात. आपल्याकडे ते लागतंच. एका माणसाला एकाहून जास्त नावं देता येतात, त्यात माहेर-सासरची दोन्ही टाका, म्हणजे विहीरकाठताईंची तक्रार मिटेल. जेडकॉम (वंशवृक्षाची सगळीकडे चालणारी) फाइल काढून ठेवली की उद्या दुसरं कुठलंही साधन घ्यायला मोकळे.

जेनी आणि फॅमिलीसर्च या साइट्सचं तत्त्व वेगळं आहे: सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष. नातलग शोधायला उत्तम, पण तुमच्या पणजोबांत दुसरा कोणीही बदल करू शकतो. चुलतभावाचं झालं ते असंच झालं असणार. सरदाराचं आडनाव जुळलं, मधल्या पिढ्या कुणीतरी अंदाजाने भरल्या, बाकीच्यांनी तेच उचललं. शंभर जणांच्या वृक्षात एकच गोष्ट दिसली म्हणजे शंभर पुरावे झाले नाहीत. तो सांधा तोडा. काकांना नंतर सांगा.

परदेशी मार्गदर्शनात 'जनगणनेपासून सुरुवात करा' असं हमखास सांगतात. तिकडे जुन्या जनगणनेची घरोघरची पानं खुली होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने ती बघायला मनाई आहे. त्यात वेळ घालवू नका.

मोडीवेडा
अवांतर: दुष्काळाबद्दल. पिढ्यांचा हिशेब केला तर १८७६-७८ चा डोळ्यासमोर येतो. पण तो देशावर पडला होता, माणसं देश सोडून बाहेर जात होती. त्या वेळी घाटाखालून वर यायचं कारण काय? एकतर काळ दुसरा असेल, नाहीतर दिशा उलटी असेल: आधी देशावरून खाली गेले आणि नंतर परत आले. आडनाव बदलण्याचाही यातून उलगडा होऊ शकतो. खाली गेल्यावर लोकांनी गावावरून ओळखायला सुरुवात केली असेल.

सांजसावली
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. झाडपाला, सांधा तोडला. काकांना अजून सांगितलेलं नाही.

पोर्टलवर तालुका सापडला! पण अडचण अशी, की एकाच गावात एकाच काळात आमच्याच आडनावाचे दोन 'गणू बिन रामा' दिसतायत. आमचा कुठला?

गावकामगार
हे होणारच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यात भाऊबंदांची दोन-चार घरं, मग तीच नावं फिरून फिरून येतात. नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. दोन्ही गणूंचे सर्व्हे नंबर वेगळे लिहून काढा आणि दोन्ही पुढे आजपर्यंत आणा. जो तुमच्या आजच्या गटात येऊन मिळेल तो तुमचा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, त्यासाठी जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता लागेल. तो तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळेल. दुसऱ्या गणूलाही टाकून देऊ नका. दोघांच्या जमिनी एकाच जुन्या सर्व्हे नंबराचे पोटहिस्से निघाले, तर बहुधा दोघांचे आजे सख्खे भाऊ.

नंबर इथे उघड्यावर टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बघून सांगतो.