ओव्हरक्लॉक केलेल्या रायझेनसाठी रॅम: ३६०० की ४०००?

मदत हवी आहे. रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून (मूळ वेगापेक्षा जास्त) सगळ्या कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झला चालवतोय. बोर्ड बी५५० चिपसेटचा, बायोस अद्ययावत. सध्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन कांड्या, डीडीआर४-३२०० (हा वेगाचा आकडा), सीएल१६ (रॅम किती क्लॉक-फेऱ्यांनी प्रतिसाद देते ते).

एक्सएमपीवर (रॅममध्ये कंपनीने दिलेली वेगाची सेटिंग) मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर स्वच्छ जातो. त्याच कांड्या ३६०० ला नेल्या की एरर येतात. टायमिंग सैल केले, व्होल्टेज १.३५ वरून १.४ केले, तरी तेच. प्रोसेसर मूळ वेगावर आणूनही फरक नाही, म्हणून संशय रॅमवरच आहे.

आता १६ जीबीच्या दोन कांड्या घ्यायच्यात. चार नकोत, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो. कूलर पहिल्या स्लॉटवर येतो, त्यामुळे उंच हीटस्प्रेडरही चालणार नाही. बोर्ड बदलणार नाही.

प्रतिसादाचा वेळ हिशेबाने ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९ नॅनोसेकंद, ४००० सीएल१८ म्हणजे ९. जवळपास सारखेच! पण ४००० ला १:१ ठेवायचे (म्हणजे रॅमचे घड्याळ, जे त्या आकड्याच्या निम्मे असते, आणि प्रोसेसरच्या आतली जोडणी, इन्फिनिटी फॅब्रिक, एकाच वेगाने) तर फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झला चालायला हवे, ३६०० ला १८०० पुरते. मला १:१ सोडायचे नाही.

५८००एक्सवर फॅब्रिक २००० ला कुणी महिनोन्‌महिने स्थिर चालवलंय का, की सरळ ३६०० सीएल१६ घेऊ? आणि ड्युअल रँक (चिपचे दोन गट असलेल्या) कांड्या १.३५ व्होल्टवर ३६०० ला टिकतात का?