तिसऱ्या: नुसती आकाराची अट पुरेल का?

प्रश्न (चिखली): जुवारी नदीला ओहोटी लागली की नखाएवढ्या तिसऱ्याही (शिंपल्याही) खरवडून नेतात. आकाराची अट घातली तर भागेल?

उत्तर: नाही हो बाब. कॅलिफोर्नियात अ‍ॅबलोनीला (खडकाला चिकटून राहणारी, खाण्याची समुद्री गोगलगाय) आकाराची अट होतीच, तरी १९९७ मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. नर-मादी बीज पाण्यातच सोडतात. विरळ उरले की फलनच होत नाही. शिवाय खडकावरून उचकटताना कापलेल्या अ‍ॅबलोनीचं रक्त गोठत नाही. लहान म्हणून परत टाकली तरी मरते!

उत्तर: केरळात अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढणं बंद, जाळीचा डोळाही ठरलेला. आपल्याकडे गिऱ्हाईकच बारीक वाट्याला घासाघीस करतं.

प्रश्नकर्ता: मग ग्रामसभेत आधी बंदीच्या महिन्यांचं काढतो. जाळीच्या डोळ्याचं मागाहून.