शब्दचर्चा : 'ग्राउंड प्लेन', 'रिटर्न पाथ', 'लेंथ मॅचिंग', 'व्हाया स्टब'

प्रश्न :
बहुथरी पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या छापील बोर्डावर) हाय-स्पीड सिग्नल कसे न्यायचे, यावर नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. 'ग्राउंड प्लेन', म्हणजे ग्राउंडला जोडलेला तांब्याचा थर, यासाठी मी 'भू-प्रतल' वापरलंय. 'रिटर्न पाथ'ला 'प्रत्यागमन मार्ग' सुचला, पण वाचताना अडखळायला होतं. 'राउटिंग', 'लेंथ मॅचिंग' आणि 'व्हाया स्टब' यांवरही अडलोय. काय लिहावं?

प्रतिसाद :
'राउटिंग' (बोर्डावर तांब्याच्या वाटा, म्हणजे ट्रॅक, आखणे) तसंच राहू द्या, क्रियापद हवं तिथे 'ट्रॅक नेणे' किंवा 'ट्रॅक ओढणे' लिहा. 'लेयर'ला 'थर' छान बसतो : चार थरी बोर्ड, आतला थर, बाहेरचा थर. 'व्हाया', म्हणजे थरांना जोडणारं तांब्याने मढवलेलं छिद्र, त्याच्या भाषांतराच्या फंदात पडू नका.

प्रतिसाद :
'भू-प्रतल' मात्र नक्की बदला. 'भू' वाचलं की नवशिक्याच्या डोळ्यांसमोर अर्थिंग येतं, आणि प्रवाह कुठेतरी जमिनीत जिरून जातो असं त्याला वाटू लागतं. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचा जमिनीशी काडीचा संबंध नसतो, तरी त्याच्या बोर्डावर ग्राउंड असतंच. प्रवाह जिथून निघाला तिथे त्याला परत यावंच लागतं, आणि तो कुठून परत येतो यावरच हाय-स्पीड बोर्डाचं बरंवाईट ठरतं.

डीसी प्रवाह परतताना तांब्यात पसरतो, जिथे रोध कमी तिथून जास्त वाहतो. फ्रीक्वेन्सी वाढत मेगाहर्ट्‌झच्या घरात गेली की तोच प्रवाह ग्राउंडच्या थरात ट्रॅकच्या बरोबर खाली गोळा होतो, कारण तिथे लूप सगळ्यात लहान आणि इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) सगळ्यात कमी. वरचा ट्रॅक वळला की खालचा प्रवाहही वळतो. आता त्या थरात ट्रॅकला आडवी 20 मिमीची फट आहे असं समजा. ट्रॅक फटीच्या मधोमध वरून सरळ निघून जातो, पण खालच्या प्रवाहाला फटीच्या टोकाला वळसा घालावा लागतो. लूप मोठा होतो, बोर्ड रेडिएशन सोडू लागतो, आणि त्याच फटीवरून जाणारे बाकीचे ट्रॅक एकमेकांत गोंधळ घालतात. सर्किट डायग्राममध्ये यातलं काहीच दिसत नाही.

शिवाय हे काम ग्राउंडच करतं असंही नाही. ट्रॅकच्या लगत पॉवरचा सलग थर असेल, तर परतणारा प्रवाह त्यातूनही वाहतो. म्हणून परतणारा प्रवाह वाहून नेणाऱ्या थराला, म्हणजे 'रेफरन्स प्लेन'ला, 'संदर्भथर' म्हणावं, 'ग्राउंड' तसंच ठेवावं, आणि 'रिटर्न पाथ'ला सरळ 'परतीची वाट'. 'प्रतल' भूमितीसाठी राहू द्या. इथे तांबं सलग आहे की तुटलेलं, हे महत्त्वाचं. तेव्हा 'सलग थर' हा शब्दप्रयोग टिपणात वारंवार येऊ द्या.

प्रतिसाद :
'परतीची वाट' कानाला गोड लागते, पण माझा एक आक्षेप आहे. प्रवाह आधी टोकापर्यंत पोचतो आणि मग माघारी फिरतो, असं त्यातून ध्वनित होतं. प्रत्यक्षात ड्रायव्हरने (सिग्नल पाठवणाऱ्या भागाने) सिग्नल सोडला त्याच क्षणी वरचा आणि खालचा प्रवाह दोन्ही सुरू होतात, आणि लाट जसजशी पुढे सरकते तसतसे सोबतीने सरकतात. लाट रिसीव्हरपर्यंत पोचलेलीही नसते. म्हणूनच सिग्नलला जाणवणारा इम्पीडन्स (अडथळा), मग तो 50 ओहम असो वा काही, जागोजागी ट्रॅकची रुंदी, खालच्या थराचं अंतर आणि मधलं डायलेक्ट्रिक (विद्युतरोधक पदार्थ) यांवर ठरतो.

प्रतिसाद :
आक्षेप रास्त आहे. शब्द रुळणारा आहे म्हणून ठेवावा असं मला अजूनही वाटतं, पण त्याच्या पहिल्याच वापरापाशी 'दोन्ही प्रवाह एकदमच निघतात' हे वाक्य घालायलाच हवं. ते गाळून शब्द वापरू नये.

प्रश्न :
पटलं. आणि 'लेंथ मॅचिंग'? 'लांबी जुळवणे' चालेल?

प्रतिसाद :
चालेल, पण जुळवायची असते वेळ. एफआर-4 (काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या) बोर्डावर बाहेरच्या थरावर सिग्नलला दर मिलिमीटरला ढोबळमानाने 6 पिकोसेकंद लागतात, आतल्या थरावर 7, कारण आत दोन्ही बाजूंनी डायलेक्ट्रिक असतं आणि बाहेर एका अंगाला हवा. दोन ट्रॅक, दोन्ही 60 मिमी, एक बाहेर आणि एक आत : लांबी तंतोतंत जुळली, तरी वेळेत साधारण 60 पिकोसेकंदांचा फरक. डीडीआर4-3200 मेमरीमध्ये एका बिटच्या वाट्याला जेमतेम 312.5 पिकोसेकंद येतात, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा इथेच गेला. म्हणून 'विलंब जुळवणे' लिहा. विलंब वाढवायला मुद्दाम वळणं दिलेल्या 'सर्पेंटाइन'ला 'नागमोडी ट्रॅक' तयारच आहे.

'हाय-स्पीड'बद्दलही एक ओळ घाला. इथे क्लॉकच्या फ्रीक्वेन्सीपेक्षा राइज टाइम, म्हणजे सिग्नल चढायला लागणारा वेळ, महत्त्वाचा. क्लॉक 1 मेगाहर्ट्‌झचा असला आणि चढ 1 नॅनोसेकंदात होत असला, तरी तो हाय-स्पीडच. तेवढ्या वेळात लाट बोर्डावर सुमारे 15 सेंमी जाते. ट्रॅक याच्या सहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा, लांब झाला की त्याला ट्रान्समिशन लाइन (नुसती तार नव्हे, तर लाट वाहून नेणारी वाट) धरायचं, असा प्रघात आहे.

प्रतिसाद :
'स्टिचिंग व्हाया'चा उल्लेख राहिला. त्याला 'टाक्याचा व्हाया' म्हणून पाहा. सहा थरी बोर्डात सिग्नल पहिल्या थरावरून सहाव्यावर उतरला, की त्याचा संदर्भथर दुसऱ्याऐवजी पाचवा होतो. परतणाऱ्या प्रवाहालाही दुसऱ्यावरून पाचव्यावर जायला रस्ता हवा. दोन्ही ग्राउंड असतील तर सिग्नलच्या व्हायाला खेटून त्या दोन थरांना जोडणारा एक टाका घालायचा. एक ग्राउंड आणि एक पॉवर असेल तर टाका घालता येत नाही, तिथे जवळ कपॅसिटर लागतो.

'स्टब'ला 'थोटूक' सुचवतो. सिग्नल वरून तिसऱ्या थरावर उतरून बाजूला निघून गेला, तरी व्हायाची नळी तळापर्यंत जातेच. खालचा निरुपयोगी तुकडा म्हणजे थोटूक. जाड बोर्डात ते 2.5 मिमी उरलं, तर कागदावरच्या हिशेबाने 15 गिगाहर्ट्‌झच्या आसपास अनुनादतं आणि त्या पट्ट्यातला सिग्नल गिळतं. पॅडच्या (व्हायाभोवतीच्या तांब्याच्या चकतीच्या) कपॅसिटन्समुळे प्रत्यक्षात त्याच्याही खाली. 'खुंट' नको, खुंट मुद्दाम ठोकलेला असतो. थोटूक काढायला मागून जरा मोठ्या ड्रिलने तांबं कोरून टाकतात. त्याला मराठीत काहीही म्हणा, पण बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या ड्रॉइंगवर 'बॅकड्रिल' हाच शब्द असू द्या, आणि कोणत्या थराला धक्का लागता कामा नये तेही स्पष्ट लिहा.