अनुभव धागा : सीमा तापली तेव्हा तुम्ही कुठे होता?

चाळकरीण

माळा आवरताना जुन्या ट्रंकेच्या तळाशी काळ्या कागदाची गुंडाळी सापडली. १९७१ च्या डिसेंबरातली. तेव्हा मी आठ वर्षांची होते, आम्ही गिरगावात राहायचो. भोंगा झाला की दिवे घालवायचे, खिडक्यांच्या काचांना हा कागद खळीने चिकटवलेला. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवेही अर्धे काळे रंगवलेले असत. आम्हा पोरांना सगळी गंमतच वाटायची. अंधारात चाळीच्या जिन्यावर बसून भुताच्या गोष्टी. वडील मात्र भोंगा झाला की न चुकता आधी घड्याळाकडे बघायचे. माझा काका तेव्हा पंजाबात होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. लढाई १३ दिवसांत संपली, काका धडधाकट परत आला. उरलेला कागद आईने टाकला नाही. "पुन्हा लागला तर?" एवढंच म्हणाली होती.

तर हा धागा. भारत-पाकिस्तान सीमेवर ताण वाढला त्या दिवसांत तुम्ही, तुमच्या घरचे कुठे होता, काय पाहिलंत? एकच विनंती: कोण जिंकलं, कोणाचं चुकलं, ही चर्चा बाकी सगळीकडे भरपूर चालते. इथे फक्त स्वतःचं लिहा. फॉरवर्ड नकोत.

निवृत्त सॅपर

ताई, पहिलं मीच लिहितो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचा, खडकीचा. गावाकडचे म्हातारे अजून आम्हाला 'सफरमैना' म्हणतात. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात आमची गाडी पंजाबच्या दिशेने हलली. ऑपरेशन पराक्रम. लोकांच्या लक्षात नाही, कारण लढाई झालीच नाही. दहा महिने दोन्हीकडची फौज समोरासमोर उभी राहिली आणि २००२ च्या ऑक्टोबरात माघारी फिरली. न झालेल्या लढाईचं कोण कशाला लक्षात ठेवील?

आमचं काम सुरुंग पेरायचं. फाजिल्क्याच्या बाजूला होतो. जागा म्हणजे काही ओसाड माळ नव्हे, गव्हाचं शेत. गहू वीतभर वर आलेला, नुकतं पाणी दिलेलं, चिखलात बूट रुतायचे. दाट धुकं. दहा पावलांवरचा माणूस दिसायचा नाही. हातमोजे घालून फ्यूज बसवता येत नाही, आणि काढले की बोटं बधिर. बधिर बोटांनी जे करू नये तेच काम आम्ही करत होतो. आमच्यातले काही पोरगे त्या पेरणीतच जायबंदी झाले. एकाचं पाऊल गेलं तेव्हा मी पलीकडच्या ओळीत होतो. आवाज फार मोठा नसतो हो. टायर फुटल्यासारखा.

शेताचा मालक एक सरदारजी. सत्तरीचा असेल. रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा, हातात पितळी डोलचीत चहा. आम्हाला चहा पाजायचा आणि त्याच्याच शेतात आम्ही काय करतोय ते बघत बसायचा. एकदाच बोलला, "फौजी, कणक तां वड्ढ लैण दिंदे." गहू तरी कापू दिला असतात. त्यावर मी काय बोलणार? माझ्या बापाची कोरेगावला तीन एकर आहे.

सुरुंग पेरले की नकाशा करावा लागतो. कुठलीतरी न हलणारी खूण धरायची आणि तिथपासून पावलं मोजून प्रत्येक ओळ मांडायची. आमची खूण होती त्या सरदारजीच्या ट्यूबवेलच्या खोलीचा कोपरा. पावसाळ्यात ती खोलीच बसली. कच्च्या विटांची होती. उपसायला गेलो तेव्हा ढिगाऱ्यात कोपरा कुठला हे ठरवायलाच दोन दिवस गेले. कापणीच न झालेला गहू वाळून आडवा पडलेला, त्यावर कमरेइतकं गवत. टोकदार सळई तिरकी खुपसत, वीत-वीत पुढे सरकत पोटावर झोपून काम. मधेच कुठलंसं जनावर पाय देऊन मेलेलं असायचं. वासावरून कळायचं.

भरपाई सरकारने एकरी दिली. सरदारजीला किती मिळाली, कधी मिळाली, ठाऊक नाही. आमची बदली झाली.

देरावासी

सॅपर साहेब, सगळे सुरुंग परत मिळाले का?

निवृत्त सॅपर

आमच्या नकाशातला आकडा आणि हाती आलेला आकडा यात सातचा फरक होता. ते सात शोधायला नंतर दुसरी तुकडी आली. त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

आटपाडीचा गलाईवाला

रामराम मंडळी. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर गलाईचा धंदा करतात हे ठाऊक असेल. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं. जिथं सराफ बाजार तिथं आमचा एक तरी गाववाला. आम्ही अमृतसरला. वीस वर्षं झाली. वाघा इथनं तीस किलोमीटर. पाव्हणं आलं की परेड दाखवायला न्यायचं, एवढाच आमचा नि बॉर्डरचा संबंध.

गेल्या साली, २०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर झालं, त्यानंतर रात्री सायरन आणि ब्लॅकआऊट सुरू झालं. आमचं काम रात्रीचं. सराफ दिवसभराचा माल संध्याकाळी देतात, सकाळी त्यांना गाळलेलं सोनं लागतं. भट्टीचा उजेड गल्लीत पडतो म्हणून ती बंद. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, काम करावं म्हटलं तर लाइट नाही म्हणून पंखा बंद. तेजाब तापलं की पिवळा-तांबडा धूर निघतो. पंख्याशिवाय त्यात दहा मिनिटं उभं राहिलात तर छाती धरते. म्हणजे हातावर हात.

आणि भीती कशाची, तर बॉम्बची नंतर, आधी बाटल्यांची. फळीवर तेजाबाच्या काचेच्या वीस-बावीस बाटल्या. पहिल्या रात्री मोठा धडाका झाला, काचा थरथरल्या, तेव्हा मी आणि माझा भाचा अंधारात एकेक बाटली छातीशी धरून खाली उतरवली आणि वाळूच्या घमेल्यात उभी केली. पोरगं एकोणीस वर्षांचं. म्हणालं, "मामा, ह्यातली एक जरी निसटली तर पाकिस्तानची गरज न्हाई." असलं हसलो आम्ही त्या अंधारात.

तिकडं आटपाडीत आई टीव्हीपुढं. दर अर्ध्या तासानं फोन. "आरं, लाहोर घेतलं म्हणं!" मी म्हटलं, आये, मला हितं बाजारातनं दूध मिळंना, लाहोर कुणी घेतलं? तर मलाच गप केलं. म्हणती, तुला काय कळतंय, हितं नकाशा काढून दाखवत्यात.

१० तारखेला संध्याकाळी थांबलं म्हणून कळालं, आम्ही भट्टी पेटवली आणि रात्री पुन्हा सायरन. पुन्हा विझवली. अर्धवट गाळलेला माल मुशीतच थिजला. सकाळी सराफाला सांगितलं, तर त्यानं हिशेब विचारलाच. धंदा आहे.

सहकुटुंब

आम्ही त्या एप्रिलात काश्मीरला होतो. २२ तारखेला श्रीनगरमध्ये, २३ ला पहलगाम ठरलेलं. दुपारी शिकाऱ्यात असताना नवऱ्याच्या फोनवर पुण्याहून चार मिस्ड कॉल. पहलगामला पर्यटकांवर गोळीबार झाला होता, तोवर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. रात्रीपर्यंत आकडा वाढत गेला. २६ माणसं, त्यातली ६ आपल्या महाराष्ट्रातली. एक दिवस. आमचा श्रीनगरचा दिवस आधी ठरला म्हणून आम्ही मागे राहिलो, नाहीतर... जाऊ दे. इथे फक्त पाहिलेलंच लिहायचं ठरलंय.

दुसऱ्या दिवशी सगळं बंद. एकही शटर उघडं नाही. रामबनला दरड कोसळून जम्मूचा रस्ता आधीच बंद होता, त्यामुळे विमान हाच मार्ग. आमचा ड्रायव्हर पहाटे पाचला हॉटेलच्या दारात हजर. वाटेत त्याचा फोन सारखा वाजत होता. तो काश्मिरीत दबक्या आवाजात काहीतरी समजावत होता. मला वाटलं, आमच्याबद्दल बोलतोय. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटत होती, त्याचीसुद्धा.

विमानतळाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत थांबलो तेव्हा त्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, आप पूना से हैं ना? वहाँ कोंढवा कैसा इलाका है?" त्याचा भाचा पुण्यात शिकायला. घरमालकाने बाहेर पडू नकोस म्हणून सांगितलेलं, आणि इकडे त्याची आई रडतेय. त्याचा फोन त्यासाठी वाजत होता.

मी म्हटलं, ठीक आहे, काही होणार नाही. त्यानेही आदल्या रात्री आम्हाला हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

देरावासी

माझं छोटंसंच. दुबईत देरा भागात आम्ही एका खोलीत सहा जण. एक सियालकोटचा. जम्मू आणि सियालकोट यांच्यात सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नसतील. माझा धाकटा भाऊ तेव्हा जम्मूजवळ पोस्टिंगला. ८ मेच्या रात्री आम्ही दोघं बाल्कनीत, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. त्याची आई म्हणे दिवे बंद करून जिन्याखाली बसली होती. माझा भाऊ फोनच उचलत नव्हता. चार्जर एकच चालू होता. आळीपाळीने लावला. एकमेकांशी काहीही बोललो नाही. पहाटे त्याने चहा केला, माझ्या कपात नेहमीसारखी दोन चमचे साखर घातली.

नंतर दोन आठवडे आम्ही एकमेकांना टाळतच होतो, हेही लिहायला हवं.

डहाणूची

सगळे जमिनीच्या सीमेबद्दल लिहितायत. मी पाण्याबद्दल लिहिते.

आमच्या भागातले, डहाणू-तलासरीचे बरेच पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. पावसाळा संपता संपता मालक उचल देतो, त्यात घरचं भागवायचं आणि बाप्यांनी आठ-नऊ महिने समुद्रावर राहायचं. सर क्रीकचा, म्हणजे कच्छजवळच्या खाडीतल्या सीमेचा, वाद लोक पुस्तकात वाचतात. बोटीवर त्याचा अर्थ एवढाच की मासळी जिकडे जाते तिकडे तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, जातो, आणि रेषा काही पाण्यावर काढलेली नसते. २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या एका खलाशाचा पलीकडच्या गोळीबारात बोटीवरच जीव गेला. माझ्या वडिलांची बोट पुढच्या वर्षी धरली.

ही बातमीसुद्धा आम्हाला मालकाकडून आली. बोट गेली म्हणून तो रडत होता. माणसांचं शेवटी सांगितलं.

तेव्हापासून बाबा कराचीच्या तुरुंगात. पत्र येतं, कधी सहा महिन्यांनी, कधी आठ. बाबांना लिहिता येत नाही, दुसरा कोणी गुजरातीत लिहून देतो, म्हणून प्रत्येक पत्राचा आवाज वेगळा. एकात "तारा पप्पा" अशी सही होती. आम्ही त्यांना पप्पा कधीच म्हटलं नाही. आईला वाटलं पत्र दुसऱ्या कोणाचं. मग खाली वाचलं की काळ्या शेळीला विकू नका, आणि खात्री पटली.

१ जानेवारी आणि १ जुलै या आमच्या घरात सणासारख्या तारखा आहेत. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश त्या दिवशी एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. नाव यादीत असेल तर माणूस आहे. शिक्षा संपूनही लोक वर्षानुवर्षं आत राहतात, कारण हा आपलाच माणूस आहे हे कागदावर ठरावं लागतं. सुटले की अटारीच्या फाटकातून पायी येतात. पहलगामनंतर २३ एप्रिलला अटारी बंद करण्याचं जाहीर झालं, त्या रात्री आई जेवली नाही. तिला सिंधू करार वगैरे काही कळत नव्हतं. फाटक बंद एवढं कळलं.

आणि मग मे. ८ तारखेच्या रात्री शेजारच्यांच्या टीव्हीवर मोठमोठ्याने चाललेलं, कराची बंदर उद्ध्वस्त, कराचीत आगडोंब. नंतर ते सगळं खोटं निघालं. पण त्या रात्री खोटं नव्हतं. गल्लीत पोरं फटाके वाजवत होती. मला त्यांचा राग आला असं नाही, माझा भाऊसुद्धा त्यांच्यात होता. तेरा वर्षांचा आहे. त्याला कोणीतरी विचारलं, अरे तुझा बाप तिकडे आहे ना? तो घरी आला, लवंगीची उरलेली माळ खिशातून काढली आणि चुलीजवळ ठेवली. आई ओरडली, चुलीजवळ फटाके ठेवतोस? तिने ती उचलून पाण्याच्या बादलीत टाकली.

जुलैच्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार दाखवले. बाबा त्यात आहेत. ऑफिसातल्या साहेबांनी नाव वाचून दाखवलं, आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त करायला आता तलाठ्याचा दाखला लागणार आहे.

चाळकरीण

डहाणूची, दाखल्याचं काम कुठे अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी भाची पालघरला वकील आहे.

कौलारू

एवढं वाचल्यावर माझं लिहावं की नको असं झालं. आम्ही साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले, तेव्हा सुट्टी रद्द होणं आमच्याकडे नवलाचं नाही. माझा चुलतभाऊ मे महिन्यात घर शेकारायला आला होता. अर्ध्या छपराची कौलं उतरवली आणि हजर व्हायचा फोन आला. संध्याकाळी बॅग उचलून गेला. उरलेलं आम्ही चौघांनी मिळून शेकारलं. आमच्यातल्या कोणालाच ते काम येत नाही.

दिवाळीला आला तेव्हा सीमेवरचं कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, ते राहू दे, आधी मला सांगा, देवघरावरची ओळ कोणी लावली? पाऊसभर आई तिथे पातेलं ठेवत होती.